वाढवून घेणे आणि घेऊन वाढवणे : संगणकीय पदावलीतील क्रम व मराठीतील ‘ऊन’



मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात संगणकाच्या आज्ञावलीतील दोन चिन्हांसाठी एक पाठ खर्च करावा, हे तुमच्यापैकी काहींना विचित्र वाटेल. परंतु तांत्रिक आशय मराठीत आणण्याचे काम तुमच्यातील अनेकांना पुढे करावे लागणार आहे. कोणी पाठ्यपुस्तकाचा अनुवाद करील, कोणी मार्गदर्शिका लिहील, तर कोणी वर्गात फळ्यासमोर उभे राहून समजावून सांगेल. या कामात भाषेची चूक आणि आशयाची चूक अशी विभागणी फार काळ टिकत नाही. एखादे क्रियारूप चुकीचे निवडले, की वाक्य शुद्ध राहते आणि गणित चुकते. त्याचे एक लहानसे पण बोलके उदाहरण या पाठात पाहावयाचे आहे.

उदाहरण असे. सी, सी++ आणि जावा या संगणकभाषांत ++ हे चिन्ह चलाची किंमत एकाने वाढवते आणि -- हे चिन्ह ती एकाने कमी करते. ही चिन्हे चलाच्या आधी येतात, तशी नंतरही येतात. या दोन स्थानांतील फरक मराठीत समजावताना बहुतेक ठिकाणी पुढील आशयाचे वाक्य आढळते : चिन्ह आधी असेल तर आधी वाढवा, मग वापरा, चिन्ह नंतर असेल तर आधी वापरा, मग वाढवा. वाक्य आटोपशीर आहे, लक्षात राहते, आणि परीक्षेतील निम्म्या प्रश्नांची उत्तरे त्यावरून बरोबर येतात. तरीही ते खरे नाही. ते का खरे नाही, आणि त्याच्या जागी मराठीत काय लिहावे, एवढाच या पाठाचा विषय आहे.

लेखनासंबंधी एक खुलासा. प्रत्यक्ष आज्ञावलीत चलांची नावे बहुधा रोमन अक्षरांत असतात. येथे सोयीसाठी ‘क’, ‘ग’ अशी अक्षरे घेतली आहेत. जावा आणि पायथन ३ या भाषांना चलाच्या नावात देवनागरी अक्षरे चालतात, त्यामुळे ही केवळ वर्गापुरती सवलत आहे असेही नाही. ‘पदावली’, ‘चल’, ‘किंमत’ हे शब्द तुम्हांला शालेय गणितापासून परिचित आहेत. तेच येथे वापरू. चिन्ह आधी आले असता, म्हणजे ++क या रूपास, पूर्ववर्ती म्हणू आणि क++ या रूपास परवर्ती म्हणू.

किंमत आणि बदल

एकाने कमी करणे ही कल्पना मराठीच्या संख्यावाचकांत फार जुनी आहे. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी या सात शब्दांत संस्कृतातील ‘एक’ आणि ‘ऊन’, म्हणजे एकाने उणे, हे घटक दडलेले आहेत. नव्व्याऐंशी आणि नव्व्याण्णव यांनी ही वाट सोडली आहे. ‘पाऊण’ हा शब्दही ‘पाद’ आणि ‘ऊन’ यांतून आला आहे.

आता ‘एकोणतीस’ या शब्दाकडे नीट पाहा. हा शब्द उच्चारल्याने तिसाला काही होते का? काहीच होत नाही. तीस जागच्या जागी राहतात आणि आपल्याला एकोणतीस ही निराळी संख्या मिळते. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर मराठीतील ‘एकोण’ म्हणजे क - १ होय. ++ आणि -- ही चिन्हे याहून वेगळी आहेत. --क लिहिले की एक किंमत तर मिळतेच, पण स्वतः ‘क’ देखील बदलतो. पदावली म्हणजे किंमत सांगणारी रचना, ही आपली शाळेपासूनची समजूत आहे. येथे मात्र पदावली किंमतही सांगते आणि वस्तुस्थितीही बदलते. या दुसऱ्या कार्याला आपण ‘अनुषंगिक परिणाम’ म्हणू.

श्रीपूरच्या एका प्रसंगावरून हे स्पष्ट होईल. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातले हे गाव साखरेशी बांधलेले आहे. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथे उभा राहिला. आज येथे श्री पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगामात कोणत्याही साखर कारखान्याच्या काट्यावर जे घडते ते डोळ्यांसमोर आणा. ऊस भरलेली गाडी काट्यावर येते, तिचे वजन होते, गव्हाणीत ऊस रिकामा होतो, मग मोकळ्या गाडीचे वजन होते, आणि दोन वजनांच्या फरकावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात. प्रत्येक खेपेला एक क्रमांक लागतो. समजा, काट्यावरील लेखनिकाच्या समोर एक पाटी आहे आणि पाटीवर ५ हा आकडा आहे.

पुढच्या गाडीला कोणता क्रमांक द्यावयाचा? उत्तर पाटीच्या अर्थावर अवलंबून आहे. पाटीवर ‘यापुढे द्यावयाचा क्रमांक’ लिहिण्याची पद्धत असेल, तर गाडीला ५ मिळेल आणि पाटीवर ६ येतील. हे परवर्ती रूप, क++. पाटीवर ‘शेवटी दिलेला क्रमांक’ लिहिण्याची पद्धत असेल, तर पाटीवर ६ येतील आणि गाडीलाही ६ मिळेल. हे पूर्ववर्ती रूप, ++क. दोन्ही पद्धतींत पाटीवर शेवटी सहाच आहेत. फरक फक्त गाडीच्या हाती पडलेल्या आकड्यात आहे. लेखनिकाने आधी पावती फाडली की आधी पाटी पुसली, हे गाडीवानाला दिसत नाही आणि त्याने त्याचे बिघडतही नाही. ही बारीक गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे सारा वाद तिच्यावरच उभा राहणार आहे.

ही चिन्हे आली कोठून

सी ही भाषा डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७०च्या दशकाच्या आरंभी घडवली. ++ व -- मात्र त्याआधीच्या ‘बी’ या भाषेत केन थॉम्पसन यांनी आणले. पीडीपी-११ या यंत्रात पत्ता आपोआप एकाने वाढवण्याची सोय होती, म्हणून ही चिन्हे निघाली, अशी एक समजूत प्रचलित आहे. रिची यांनी १९९३ मध्ये सीच्या जडणघडणीविषयी लिहिताना ती खोडून काढली. बी तयार झाली तेव्हा पीडीपी-११ हे यंत्रच नव्हते. आधीच्या पीडीपी-७ यंत्रातील अशाच काही स्मृतिस्थानांवरून कल्पना सुचली असावी, पण चिन्ह दोन्ही बाजूंना लावण्याची मोकळीक ही थॉम्पसन यांची स्वतःची; आणि क = क + १ यापेक्षा ++क याचे यंत्रभाषेतील रूपांतर आखूड होते, हे त्यांच्या लक्षात आले होते. थोडक्यात, ही चिन्हे काटकसरीतून जन्मली. सी++ या भाषेचे नावही याच चिन्हावरची कोटी आहे. परवर्ती रूप असल्यामुळे, व्याकरण काटेकोरपणे लावले तर, त्या पदावलीची किंमत अजून ‘सी’ एवढीच भरते!

कंचेभागुबेव काय सांगतो आणि काय सांगत नाही

शाळेत आपण ‘कंचेभागुबेव’ पाठ केलेला असतो. कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, या क्रमाने पदावली सोडवावी. त्यात एक अडचण आहेच. अक्षरशः पाळला तर १० - ३ + २ यात आधी बेरीज होऊन उत्तर ५ येईल; वस्तुतः बेरीज व वजाबाकी एकाच पायरीवर असून त्या डावीकडून उजवीकडे करतात, म्हणून उत्तर ९. संगणकभाषांतही असेच आहे. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा निराळा आहे.

कंचेभागुबेव हा काळाचा क्रम सांगतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो बांधणी सांगतो. क + ग * घ यात गुणाकार ‘आधी’, याचा अर्थ ग आणि घ हे एकमेकांशी बांधलेले आहेत आणि क त्यांच्या गुणाकाराशी बांधला आहे, एवढाच. समासाचा विग्रह करताना आपण हेच करतो. कोणते पद कोणत्या पदाशी जोडले आहे ते दाखवतो. कोणते आधी घडले ते नव्हे. क++ + ग++ * घ++ या पदावलीतही गुणाकाराची बांधणी घट्ट आहे. परंतु ‘क’ची वाढ आधी की ‘ग’ची, यावर सीचे प्रमाणक काही सांगत नाही. तीन निरनिराळे चल असल्यामुळे उत्तर सर्व मार्गांनी सारखेच येते, म्हणून हा प्रश्न आपल्याला जाणवत नाही, इतकेच.

बांधणीच्या आधीही एक पायरी असते, ती म्हणजे पदच्छेद. क+++ग असे सलग लिहिले तर ते क++ + ग आहे की क + ++ग? सीचा नियम असा की डावीकडून वाचत जावे आणि प्रत्येक वेळी शक्य तितके लांब चिन्ह उचलावे. म्हणून पहिला अर्थ ग्राह्य. याच नियमाने क+++++ग याचे तुकडे क, ++, ++, +, ग असे पडतात आणि पदावली अग्राह्य ठरते, कारण क++ या किमतीला पुन्हा वाढवता येत नाही. वास्तविक (क++) + (++ग) असा अर्थपूर्ण छेद उपलब्ध आहे. पण यंत्र अर्थ पाहून मागे फिरत नाही. मोडी कागद वाचणाऱ्यांना हा भेद लगेच उमगेल. मोडीत शिरोरेषा सलग, शब्दांत जागा नाही. वाचक चार अक्षरे पुढे जातो, अर्थ लागला नाही तर मागे येऊन वेगळा छेद करतो. कंपायलरला ही मुभा नाही. म्हणून माणसांसाठी लिहिताना जागा सोडाव्यात आणि कंस घालावेत, हे बरे.

मराठीतील ‘ऊन’

आता आपल्या मूळ वाक्याकडे वळू. ‘आधी वाढवा, मग वापरा’ हे मराठी माणूस सहज ‘वाढवून वापरा’ असे म्हणेल, आणि दुसऱ्याला ‘वापरून वाढवा’ असे. येथील ‘ऊन’ आणि एकोणिसातील ‘ऊन’ यांचा संबंध नाही. एकोणिसातील ‘ऊन’ म्हणजे उणे. क्रियापदाचा ‘ऊन’ हा प्रत्यय महाराष्ट्री प्राकृतातील ‘ऊण’ या प्रत्ययाचा वारस आहे. ‘काऊण’ म्हणजे करून. मराठी व्याकरणात ‘करून’, ‘जाऊन’ यांना पूर्वकालवाचक धातुसाधित अव्यये म्हणतात. संस्कृतात हे काम ‘क्त्वा’ प्रत्यय करतो, आणि पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायातील चौथ्या पादात त्यासाठी दोन अटी घातल्या आहेत. दोन्ही क्रियांचा कर्ता एक असावा, आणि प्रत्यय पूर्वकाळच्या क्रियेला लागावा.

या दोन्ही अटी आपल्या विषयाला लावून पाहा. ‘पाटी वाढवून क्रमांक दिला’ यात कर्ता एक, लेखनिक. पाटी वाढवणे पूर्वी, क्रमांक देणे नंतर. ‘आणि’ने जोडलेल्या वाक्यात इतकी सक्ती नसते, ‘त्याने क्रमांक दिला आणि पाटी वाढवली’ यातून क्रम सुचतो, पण तो ठामपणे सांगितला जात नाही. ‘ऊन’ मात्र क्रम बांधतो. ‘हसून बोलला’ यासारख्या रीतिवाचक प्रयोगांत तो सैल होतो हे खरे. हसणे संपवून मग तो बोलला, असे तेथे कोणी समजत नाही. परंतु वाढवणे, देणे, लिहिणे अशा एकेका टप्प्यात पुऱ्या होणाऱ्या क्रियांना ‘ऊन’ लागला, की मराठी कानाला कालक्रमच ऐकू येतो.

म्हणजे ‘क++ : वापरून वाढवा’ असे लिहिताना आपण नकळत एक विधान करतो. पदावलीच्या किमतीचा वापर पूर्ण झाला, आणि त्यानंतर चलात वाढ झाली, हे ते विधान. ते तपासता येते का? येते, आणि त्यासाठी एकच ओळ पुरे.

क = क++;

‘क’ची किंमत ५ धरा. वापरून वाढवा, या सांगण्याप्रमाणे आधी वापर करू. वापर कोणता? उजवीकडील ५ ही किंमत डावीकडील ‘क’मध्ये ठेवणे. मग वाढ करू. ‘क’ ६ झाला. जावामध्ये हीच ओळ चालवून पाहा. उत्तर ५ येते.

कारण जावाने घटनाक्रम स्पष्ट ठरवलेला आहे. क++ची किंमत म्हणून ५ बाजूला काढले जातात, त्याच क्षणी ‘क’मध्ये ६ लिहिले जातात, त्यानंतर बाजूला काढलेले ५ ‘क’मध्ये ठेवले जातात आणि ६ पुसले जातात. वाढ वापराच्या नंतर झाली नाही, आधीच झाली. परवर्ती चिन्हाने एवढेच सांगितले होते, की पदावलीची किंमत जुनी राहील. वाढ केव्हा होईल ते त्याने सांगितलेच नव्हते. ते आपल्या ‘ऊन’ने पदरचे घातले.

एकच चल, दोन वेळा

एकाच पदावलीत तोच चल दोनदा आला की ही पदरची भर महाग पडते. ‘क’ ५ असताना ++क + ++क याची किंमत काय? जावाचा नियम आहे, डावा घटक पूर्ण उरकल्याखेरीज उजव्याला हात लावायचा नाही. म्हणून ६ + ७, म्हणजे १३. सीच्या एखाद्या कंपायलरकडून १४ हे उत्तर मिळते. त्याने ‘क’ दोनदा वाढवून ७ केला आणि मग ‘क’ अधिक ‘क’ अशी बेरीज केली. यांतील कोण चुकला? सीच्या दृष्टीने कोणीच नाही. एका विधानात, मध्ये कोणताही क्रम ठरलेला नसताना, एकच चल दोनदा बदलला, तर काय व्हावे याविषयी सीचे प्रमाणक कोणतेच बंधन घालत नाही. १३ किंवा १४ यांपैकी एक यावे, असेही बंधन नाही. कंपायलरला यंत्राच्या सोयीने क्रिया पुढेमागे करता याव्यात, म्हणून ही मोकळीक मुद्दाम ठेवलेली आहे.

क++ + ++क हे तर अधिक फसवे उदाहरण. डावीकडून गेल्यास ५ + ७ म्हणजे १२. उजवीकडून गेल्यास ++कचे ६ आणि त्यानंतर क++चेही ६, पुन्हा १२. परवर्ती वाढ शेवटपर्यंत लांबवली तर ५ + ६, म्हणजे ११. दोन वाटांनी १२ आले, म्हणून विद्यार्थी निश्चिंत होतो. आपल्याकडील प्रश्नपत्रिकांत आणि नोकरीच्या चाचण्यांत ‘पुढील सी आज्ञावलीचे उत्तर काय येईल?’ असा प्रश्न नेमक्या अशाच पदावलीवर विचारण्याची हौस दिसते, आणि चार पर्यायांत ‘ठरलेले नाही’ हा पर्याय बहुधा नसतो. ज्याला विषय समजला आहे त्याचे गुण जावेत आणि ज्याने आपल्या यंत्रावरचे उत्तर पाठ केले त्याला मिळावेत, अशी ही व्यवस्था आहे. माझ्या मते हा प्रश्न सीचा नसून ठोकळेबाज मराठी वा इंग्रजी वाक्यातून जन्मलेला आहे.

मग सीमध्ये क्रम कोठेच नसतो का? असतो, पण ठरावीक थांब्यांवर. १९८९च्या अमेरिकी प्रमाणकाने या थांब्यांना जे नाव दिले त्याला मराठीत ‘क्रमबिंदू’ म्हणता येईल. विधानाच्या शेवटचा अर्धविराम हा सर्वांत ठळक क्रमबिंदू. तेथे पोहोचेपर्यंत आधीचे सर्व अनुषंगिक परिणाम पुरे झालेले असतात. ‘आणि’ या अर्थाचे &&, ‘किंवा’ या अर्थाचे ||, आणि पदावल्या जोडणारा स्वल्पविराम हेही क्रमबिंदू आहेत. फलनाला दिलेल्या किमती वेगळ्या करणारा स्वल्पविराम मात्र नव्हे. दिसायला तोच, पण काम निराळे. मराठीत एकच ‘ऊन’ दोन वंशांचा निघाला, तसेच हे. २०११च्या प्रमाणकाने ‘अमुक क्रिया अमुक क्रियेच्या पूर्वी’ अशी थेट पूर्वापरसंबंधाची भाषा स्वीकारली. वैयाकरणांना ती ओळखीची वाटावी.

क्रम न ठरवणे धोक्याचे, हे समजण्याजोगे आहे. पण क्रम ठरवल्यानेही वाचकाचे काम संपत नाही. श्रीपूरच्या काट्यावर पुन्हा जाऊ. समजा, नोंदवहीच्या ओळींना क्रमांक आहेत आणि आज्ञावलीत पुढील ओळ लिहिली आहे :

नोंद[क] = क++;

म्हणजे वहीच्या ‘क’व्या ओळीत खेपेचा क्रमांक टाका. ‘क’ ५ आहे. जावात डावी बाजू आधी पाहिली जाते. म्हणून पाचव्या ओळीत ५ लिहिले जातात. सीमध्ये उत्तर ठरलेले नाही. सी++च्या २०१७च्या प्रमाणकाने क्रम ठरवला, पण तो उलटा : किंमत ठेवण्याच्या विधानात उजवी बाजू आधी. त्यामुळे ‘क’ आधी ६ होतो आणि सहाव्या ओळीत ५ लिहिले जातात. दोन भाषा, दोघींचेही नियम पक्के, अक्षरशः तीच ओळ, आणि शेतकऱ्याची खेप वहीत निराळ्या जागी. पाचवी ओळ कोरी राहिली आणि सहावीत चुकीचा क्रमांक पडला, तर हिशेबाच्या दिवशी खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाला कोणते प्रमाणक दाखवावयाचे?

अशा अनुभवांतून पुढच्या भाषांनी या चिन्हांशी अंतर राखले. गो या भाषेत क++ आहे, पण ते स्वतंत्र विधान म्हणूनच. पदावलीच्या पोटात ते बसवता येत नाही आणि पूर्ववर्ती रूप तर नाहीच. स्विफ्टने २०१६ मधील तिसऱ्या आवृत्तीत दोन्ही चिन्हे काढून टाकली. पायथनमध्ये ती मुळातच नाहीत. तेथे ++क लिहिले तर चूकही दाखवली जात नाही, कारण त्याचा अर्थ ‘धन धन क’ असा लावला जातो आणि ‘क’ होता तसाच राहतो. सी शिकून पायथनकडे येणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.

मराठीत कसे लिहावे

क++ याचे वर्णन करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. पदावलीची किंमत कोणती, हा एक. चलात कोणता बदल होतो, हा दुसरा. त्यांना ‘ऊन’ने, ‘मग’ने किंवा ‘नंतर’ने जोडू नये. मी पुढील वाक्य सुचवतो : ‘क++ या पदावलीची किंमत म्हणजे क या चलाची मूळ किंमत, शिवाय, या पदावलीमुळे क एकाने वाढतो.’ आणि पूर्ववर्ती रूपासाठी : ‘++क या पदावलीची किंमत म्हणजे क या चलाची एकाने वाढलेली किंमत, शिवाय, या पदावलीमुळे क एकाने वाढतो.’ दोन्ही वाक्यांचा उत्तरार्ध अक्षरशः सारखा आहे, आणि तो तसाच असला पाहिजे. ‘शिवाय’ हे अव्यय भर घालते, क्रम लावत नाही. म्हणून ते येथे चपखल बसते. क्रम सांगायचा असेल तेव्हा तो कोणत्या भाषेचा नियम आहे ते नाव घेऊन सांगावे : ‘जावात’, ‘२०१७नंतरच्या सी++मध्ये’. ही वाक्ये ‘आधी वापरा, मग वाढवा’ इतकी तोंडात बसणारी नाहीत, हे मान्य. परंतु त्यांवरून कोणी क = क++ याचे उत्तर चुकणार नाही.

स्वयं-अध्ययन

पुढील पदावल्या आधी स्वतः सोडवा, मगच स्पष्टीकरण वाचा.

(१) क = ४ आणि ग = ७ असताना क++ + ग-- * २ याची किंमत काढा. येथे प्रत्येक चल एकदाच आला आहे, म्हणून कोणत्याही भाषेत शंका नाही. ४ + (७ × २), म्हणजे १८. शिवाय क ५ होतो आणि ग ६ होतो.

(२) क = ३ असताना -क++ याची किंमत काढा. परवर्ती चिन्हाची बांधणी ऋणचिन्हाहून घट्ट असते, म्हणून हे -(क++) आहे. किंमत उणे ३. शिवाय क ४ होतो, उणे २ नव्हे.

(३) कारखान्याच्या तळावर थांबलेल्या गाड्यांची संख्या ‘गाड्या’ या चलात ठेवली आहे. गाडी असेल तरच ती काट्यावर सोडावयाची आहे. एकाने अट लिहिली, गाड्या-- > ०. दुसऱ्याने लिहिले, गाड्या > ० && गाड्या--. तळ रिकामा आहे, म्हणजे संख्या ० आहे. दोन्ही अटी असत्य ठरतात आणि गाडी सुटत नाही, त्यामुळे प्रथमदर्शनी दोघेही बरोबर वाटतात. पहिल्या अटीत किंमत ०. शिवाय चल एकाने कमी होतो, आणि तळावर उणे एक गाडी उभी राहते. दुसऱ्या अटीत && हा क्रमबिंदू आहे; डावी बाजू असत्य निघाल्यामुळे उजवीकडे कोणी वळतच नाही आणि संख्या शून्यच राहते. पुढची भरलेली गाडी तळावर आली, की पहिल्याच्या हिशेबी तळ रिकामा असेल, आणि गाडीवान मात्र बैलांसह रांगेत उभा असेल.